ऊद अंगावर आला, आता काय करू?

प्रश्न: आजवर मी लिंबू-संत्र्याच्या नाहीतर मोगऱ्याच्या जातीतली हलकी परफ्यूमच वापरत आले. ऊदाबद्दल, म्हणजे अगरच्या लाकडाच्या सुगंधाबद्दल, फार ऐकलं, म्हणून ‘ऊद आणि धूप’ अशा एका परफ्यूमची 2 मिलिलिटरची नमुना-कुपी मागवली. आंघोळ करून आले आणि नेहमीसारखे चार फवारे मारले, दोन मनगटांवर, दोन गळ्याला. पहिल्या दहा मिनिटांत दवाखाना, गोठा आणि विझलेली शेकोटी सगळं एकदम नाकात शिरलं. डोकं ठणकायला लागलं. साबणाने दोनदा धुतलं तरी वास हटेना. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी कुर्त्याच्या बाहीला जो वास उरला होता, तो इतका छान होता की बाही सारखी नाकाशी नेत होते. आता कुपी कुणाला देऊन टाकू की पुन्हा लावून पाहू? हा खरा ऊद असेल का? ऑफिसात असलं काही लावता येतं का? आणि आवडलंच तर मोठी बाटली घ्यावी का?
– गोंधळलेली

उत्तर: कुपी कुणाला देऊ नका. बाहीला उरला होता तोच त्या परफ्यूमचा मुख्य भाग. तुम्हाला नकोसा झाला तो त्याचा पहिला तास, तोही चौपट मात्रेत, आंघोळीने गरम झालेल्या त्वचेवर आणि नाकापासून वीतभर अंतरावर. इतक्या प्रतिकूल परिस्थितीत ऊदाशी ओळख झाली, तर सरावलेल्या माणसाचंही डोकं दुखेल.

लिंबाच्या जातीचं परफ्यूम चार फवारे माफ करतं, कारण त्यातले मुख्य घटक हलके असतात आणि अर्ध्या-पाऊण तासात उडून जातात. ऊद-धूपाच्या परफ्यूममध्ये जड, हळू उडणाऱ्या घटकांचा भरणा असतो. ते तेलकट असतात, त्वचेला धरून राहतात, म्हणून नुसता साबण त्यांना हलवू शकत नाही. पुन्हा कधी जास्त झालं तर आधी बिनवासाचं तेल त्या जागी चोळा, कोरड्या कागदी रुमालाने पुसून घ्या आणि मग साबण लावा. दोन वेळा असं केलं की बराचसा वास निघतो. कापडावर गेला असेल तर मात्र धुण्याशिवाय इलाज नाही, आणि लोकरीसारख्या कापडातून तो एका धुण्यातही जाईलच असं नाही.

आता तुमच्या ‘दवाखाना, गोठा आणि शेकोटी’कडे वळू, कारण ही तक्रार वाटते तितकी विस्कळीत नाही. ते वेगवेगळ्या घटकांचे वास आहेत. त्यातला कुठला तुम्हाला खरोखर सहन होत नाही, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

गोठा हा ऊदाचा. अॅक्विलारिया जातीच्या झाडाला जखम झाली, त्यात बुरशी शिरली की झाड बचावासाठी गडद राळ तयार करतं आणि ती खोडाच्या लाकडात मुरते. हे राळेने भरलेलं लाकूड म्हणजे अगर, म्हणजेच ऊद. त्याच्या ढलप्या पाण्यात भिजवून मग तेल काढतात. काही ठिकाणी त्या कित्येक दिवस, कधी आठवडे भिजत ठेवतात. तेवढ्यात त्या आंबतात, आणि जनावरांच्या गोठ्याची, ओल्या चामड्याची आठवण करून देणारा वास तिथून येतो. आसामकडच्या जुन्या पद्धतीच्या तेलांची तीच ओळख आहे. कंबोडियाच्या धाटणीची तेलं त्यामानाने गोडसर आणि फळांकडे झुकणारी असतात. म्हणजे ‘मला ऊद आवडत नाही’ असं ठरवण्याआधी कुठल्या धाटणीचा ऊद, हे विचारायला हवं. खऱ्या तेलातला हा गोठा बहुतेकदा तास-दीड तासात मागे सरतो आणि खाली कोरडं, उबदार, किंचित गोड लाकूड उरतं.

दवाखाना आणि शेकोटी बहुतेक वेळा ऊदाचे नसतात. धूर दाखवण्यासाठी परफ्यूम बनवणारे बर्च झाडाच्या सालीचं डांबर, ग्वायॅकचं लाकूड, लॅबडॅनमची चिकट राळ असे पदार्थ वापरतात. डांबरासारख्या पदार्थांत फिनॉल वर्गातली संयुगं असतात, जखमेच्या औषधासारखा वास त्यांचाच. काही ऊदांतही तो थोडा असतो. पण तो नाकात जाऊन थडकण्याइतका असेल, तर संशय आधी धुराच्या सामग्रीवर घ्यावा.

आणि धूप? त्यात मुख्य असते बॉस्वेलिया झाडाची राळ, ऑलिबॅनम. ओमानचा धोफार आणि सोमालिया ही तिची नावाजलेली ठिकाणं. आपल्याकडची सालई याच कुळातली. या राळेचं तेल थंड असताना धुरकट नसतंच. त्यात पायनीनसारखे हलके घटक भरपूर असतात, म्हणून लिंबाची साल, मिरी आणि पाइनची पानं यांच्या मधला स्वच्छ, तिखट वास येतो. तुम्ही लिंबू-संत्र्याच्या वळणातल्या आहात, त्यामुळे या मिश्रणातला हा भाग तुम्हाला सगळ्यात आधी आवडण्याची शक्यता आहे, फक्त धूर आणि गोठ्याच्या गर्दीत तो सापडायला हवा. वेगळा ओळखायचा असेल तर राळेचे दोन-तीन खडे घ्या. एक खडा बोटांनी चुरडून थंडच हुंगा. दुसरा निखाऱ्यावर थेट टाकू नका. निखाऱ्यावर राखेचा पातळ थर पसरा, त्यावर अॅल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा ठेवा आणि खडा त्यावर. तो आधी चमकतो, मग कडेने पाघळतो, बुडबुडे येतात, आणि जळका नसलेला मऊ सुगंध सुटतो. बुडबुडे काळे पडून दाट धूर यायला लागला की राळ जळतेय, फॉइल उचला. हे खिडकी उघडी ठेवूनच करायचं. निखारा बंद खोलीत धोकादायक असतो. थंड खडा, पाघळता खडा आणि जळका खडा असे तीन वास एकदा नाकाला ठाऊक झाले, की परफ्यूममधला ‘धूप’ यातला कुठला आहे ते चटकन कळतं.

चौथा संशयित तुमच्या पत्रात नाही, पण नव्या लोकांना ऊदाच्या नावाने बहुतेकदा तोच छळतो. आजकालच्या अनेक ‘ऊद’ परफ्यूममध्ये वुडी-अंबर नावाच्या कृत्रिम घटकांचा मारा असतो. हे फार ताकदवान असतात, अगदी थोड्या प्रमाणातही कोरडे, टोकदार, नाकात वरपर्यंत चढत जाणारे. गंमत अशी की काहींना ते जवळजवळ जाणवतच नाहीत आणि काहींना दुसरं काही जाणवू देत नाहीत. तुमच्या शेजारची व्यक्ती ‘किती मुलायम आहे!’ म्हणत असताना तुम्हाला सुई टोचल्यासारखं वाटत असेल, तर दोघांचंही खरं असतं.

‘खरा ऊद असेल का’ याचंही उत्तर इथेच देतो. बहुधा नाही, किंवा असलाच तर नावापुरता. नैसर्गिक ऊदाचं तेल अतिशय महाग आणि दुर्मीळ आहे. अॅक्विलारिया मलाक्सेन्सिस ही जात 1995 पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि 2004 मध्ये ठरल्यानुसार अॅक्विलारियाच्या सगळ्याच जाती त्यात आल्या. म्हणजे त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्यांशिवाय होत नाही. म्हणून परफ्यूमवाले ऊदाचा आभास तयार करतात: नागरमोथ्याचं तेल, पचुली, सीडर, थोडा केशर-चामड्याचा वास आणि त्यासाठी खास बनवलेले कृत्रिम ऊद. खोक्यावरच्या घटकांच्या यादीवरून काही कळणार नाही, जवळजवळ सगळा सुगंध तिथे ‘परफ्यूम’ या एकाच शब्दाखाली जातो. याला फसवणूक समजू नका. आभासी ऊद चांगला बांधलेला असेल तर नवख्या नाकासाठी तो खऱ्यापेक्षा सोयीचा, कारण त्यात गोठा हवा तेवढाच ठेवता येतो. खऱ्या ऊदाच्या हट्टापायी कुणी पहिल्याच खेपेला शुद्ध तेलाची कुपी घ्यायला सांगत असेल तर तूर्त ऐकू नका.

आता पुन्हा लावून पाहण्याबद्दल. पहिले दोन-तीन दिवस त्वचेवर लावू नका, फक्त कागदावर. परफ्यूमच्या दुकानात मिळते तशी टिपकागदाची पट्टी नसेल तर जाड, बिनवासाच्या, न चकाकणाऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. 10-15 सेंटिमीटरवरून एकच फवारा मारा आणि दीड-दोन मिनिटं लांब ठेवा. आधीच हुंगलंत तर तुम्हाला परफ्यूमऐवजी अल्कोहोल कळेल, आणि पहिल्या दिवशी नाकात गेलेल्या तिखटपणातला काही भाग तोच असणार. पट्टी नाकाला चिकटवू नका, दोन-तीन इंचांवरून हलवत न्या. श्वास लहान लहान घ्या. मग 10 मिनिटांनी, 1 तासाने, 4 तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि जमलं तर तिसऱ्या दिवशी हुंगून एकेक ओळ लिहून ठेवा. ‘छान’ किंवा ‘वाईट’ लिहून उपयोग नाही. लिंबू, मिरी, चामडं, औषध, राख, कोरडं लाकूड, गोडसर राळ असे शब्द लिहा. त्या दिवशी दुसरं कुठलंही परफ्यूम लावायचं नाही आणि हुंगायचंही नाही. नाक थकलं की मोकळ्या हवेत जा किंवा स्वतःच्या न माखलेल्या कोपराचा वास घ्या. दुकानांतल्या कॉफीच्या बियांचा काही उपयोग नसतो, तो आणखी एक तीव्र वास एवढंच.

या नोंदींत उत्तर दिसतं. त्रास फक्त पहिल्या दहा मिनिटांत असेल आणि तो तिखट-लिंबूळ असेल, तर ते अल्कोहोल आणि धुपाचे हलके घटक. काही करायची गरज नाही, उशिरा हुंगा. गोठा तासाभराने विरघळून खाली गोड लाकूड येत असेल तर तो ऊद, आणि त्याची हळूहळू सवय होऊ शकते. औषधी वास चार तासांनंतरही तसाच असेल तर हे परफ्यूम डांबरावर बांधलेलं आहे. धूप आवडत असेल तर कमी धुराचं दुसरं शोधा. आणि तिसऱ्या दिवशीही पट्टीवर एकच टोकदार, कोरडा सूर पहिल्या दिवशीइतकाच उंच लागलेला असेल, बाकीचे सगळे वास निघून गेले तरी, तर ते वुडी-अंबर. त्याची सवय करून घ्यायच्या फंदात पडू नका. मात्र तुमच्या बाहीवरचा वास दुसऱ्या दिवशी सुंदर वाटला होता, त्यावरून तुमचं परफ्यूम या शेवटच्या गटात नसावं असा आमचा अंदाज आहे.

कागदावर पटलं तरच त्वचेवर. मनगट नको: ते दिवसभर चेहऱ्याजवळ येतं, धुतलं जातं, टेबलावर घासलं जातं. गळा तर नकोच. कोपराच्या आतल्या बाजूला एक फवारा, हात लांब करून 25-30 सेंटिमीटरवरून, म्हणजे अर्धा हवेत जाईल. कुपीचा दाब अर्धवट देऊन मात्रा कमी करायला जाऊ नका, त्याने फवारा न उडता थेंब ओघळतो आणि एका जागी साचलेला थेंब जास्तच अंगावर येतो. आंघोळ आणि फवारा यांत निदान 20 मिनिटं जाऊ द्या. लावल्यावर चोळायचं नाही, आपोआप वाळू द्या. पुढचे 24 तास तिथे लाली किंवा खाज येते का तेही पाहा. आली तर हे परफ्यूम त्वचेवर कधीच नाही. घरी कुणाला दमा असेल, किंवा तुमचं डोकं कागदाची पट्टी हातभर लांब असतानाही दुखायला लागत असेल, तर प्रयोग तिथेच थांबवा. हे सवयीने सुटणारं दुखणं नव्हे.

त्वचेवरही पहिला तास मोजायचा नाही. निकाल दोन तासांनंतर लावा. असं निरनिराळ्या दिवशी तीन-चार वेळा करा, एकदा गरम दिवशी आणि एकदा थंड दिवशी, कारण उष्णतेत ऊद जोरात पसरतो आणि थंडीत अंगाशी राहतो. उन्हाच्या दिवशी नकोसं झालेलं थंडीत छान लागतं, हे इतकं नेहमीचं आहे की एकाच ऋतूवरून परफ्यूम बाद करू नये.

ऑफिसचं म्हणाल तर लावता येतं, पण एक फवारा, कपड्यांच्या आत, पोटावर किंवा छातीच्या खालच्या भागात, आणि निघायच्या तासभर आधी. तिथून वास हळू वर येतो आणि पहिला आक्रमक तास घरातच संपतो. खरा धोका पुढे आहे. 15-20 मिनिटांत आपलं नाक स्वतःच्या परफ्यूमला सरावतं आणि तो उडून गेला असं वाटतं. इथेच लोक दुसरा फवारा मारतात, आणि लिफ्टमधली माणसं श्वास रोखून धरतात. तुम्हाला येत नसला तरी तो असतो. शंका आली तर हातभर अंतरावर उभ्या असलेल्या मोकळ्या मनाच्या माणसाला विचारा. त्या अंतरावरून हलका जाणवला तर बरोबर. त्याहून लांबून कळला तर पुढच्या वेळी 30 सेंटिमीटरवरून मारा. बंद वातानुकूलित खोलीत दिवसभर बैठक असेल त्या दिवशी नकोच. कपड्यांवर मारायचा मोह होईल, कारण बाहीवर छान टिकला होता. गडद रंगाचं परफ्यूम फिकट कापडावर आणि रेशमावर डाग पाडतं, तेव्हा आधी शिवणीच्या आतल्या बाजूला तपासून घ्या.

हे परफ्यूम नाही जमलं तर ऊदच सोडायची घाई करू नका. धुपाचा भाग आवडला पण ऊद नाही, असं नोंदींत दिसलं तर कॉम दे गार्सोंचं 2002 सालचं ‘अॅव्हिन्यॉन’ हुंगून पाहा, तो चर्चच्या धुपाचा वास आहे, ऊद नाही. ऊदाचा सौम्य चेहरा पाहायचा असेल तर टॉम फोर्डचं ‘ऊद वुड’, 2007 मध्ये आलेलं. त्यात वेलदोडा आणि चंदनाच्या आड ऊद बराच शांत केलेला आहे, इतका की जाणकार त्याला ऊद मानायला कुरकुरतात. तुमच्यासाठी ती सोय आहे. फुलांची सवय आहे म्हणून गुलाब आणि ऊद असं मिश्रणही चालेल. गुलाबाचा उजळपणा ऊदाच्या चामड्याची धार कमी करतो, ही जोडी फार जुनी आणि भरवशाची आहे. ‘ऊद आणि धूप’ जोरात म्हणजे किती जोरात, ते पाहायला अमुआजचं 2012 चं ‘इंटरल्यूड मॅन’ आहे, पण ते कागदावरच, आणि सगळ्यात शेवटी. नावातल्या ‘मॅन’वर जाऊ नका, लाकूड आणि धूप कुणालाही शोभतात. अत्तराच्या रूपातला ऊद लावायचा झाला तर काचेच्या काडीचं टोक त्वचेला एकदा टेकवलं की पुरे; त्यात अल्कोहोल नसल्याने तो सुरुवातीला शांत वाटतो आणि लोक वर आणखी लावून बसतात.

मोठ्या बाटलीचा हिशोब करून बघा. छोट्या कुपीचा एक फवारा साधारण 0.05 ते 0.1 मिलिलिटर असतो, म्हणजे तुमच्या 2 मिलिलिटरमध्ये 20 ते 40 फवारे होते, त्यातले चार गेले. एका वेळी एकच, तोही आठवड्यातून दोन-तीनदा मारलात तर उरलेली कुपी महिनाभराहून जास्त पुरेल. ती उभी, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा, झाकण घट्ट लावून. ढिल्या झाकणातून अल्कोहोल आधी उडतं आणि खाली उरलेला रस जास्त घट्ट, जास्त कडक होतो, मग नमुन्यावरून केलेला अंदाज चुकतो. ती कुपी पूर्ण संपेपर्यंत खरेदी नको. 50 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 500 फवारे मिळतात. आठवड्यातून दोनदा, एकेक फवारा या वेगाने ती पावणेपाच-पाच वर्षं चालेल, आणि इतका काळ हाच एक वास हवासा वाटेल असं ऊद वापरणारे जुने लोकही सांगणार नाहीत. 10 मिलिलिटरची छोटी बाटली मिळत असेल तर ती घ्या. नसेल तर 30 ची.